बीपी-हार्टच्या गोळ्या जादा गेल्या? माणूस बरा दिसला तरी दवाखाना गाठा

पनवेल : तालुक्यातल्या गावांत आता कितीतरी घरी बीपीची नाहीतर हार्टची गोळी चालू असते. डबा आजीच्या उशाशी, नातवंडं तिथंच खेळतात. या गोळ्या जादा पोटात गेल्या की घाव थेट हृदयावर बसतो.

दरवेळी कुणी मुद्दाम घेतं असं नाही. सकाळची गोळी विसरून म्हातारी माणसं पुन्हा घेतात. दोन डॉक्टरांकडून एकच औषध वेगळ्या कंपनीच्या नावानं येतं, दोन्ही चालू राहतं. डिगॉक्सिनची गोळी रोजचीच असली तरी किडनी मंदावल्यास औषध अंगात साठतं. मग मळमळ, उलट्या, नजरेला पिवळसर दिसणं. घरचे पित्त समजतात.

अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम जादा झाल्यास नाडी मंदावते, बीपी उतरतं, चक्कर येते. मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला साधारण 60 ते 100 असते. पण नाडी ठीक लागली म्हणून निर्धास्त राहू नका. पाकिटावर एसआर, ईआर किंवा एक्सएल लिहिलेली गोळी हळूहळू विरघळते, परिणाम कित्येक तासांनी दिसतो. म्हणून चालत्याबोलत्या रुग्णालाही डॉक्टर दिवसभर ठेवून घेतात. "बरा आहे, सोडा" म्हणून भांडणारे नातेवाईक इथंच चुकतात.

मीठपाणी पाजून उलटी काढू नका. 108 ला फोन करा. रिकामी पाकिटं, उरलेल्या गोळ्या सोबत न्या, किती वाजता घेतल्या ते सांगा. ईसीजी आणि आयसीयू असलेलं ठिकाण बरं. तिथं ईसीजी, साखर, पोटॅशियम तपासतात. लवकर पोचल्यास औषधी कोळशाची पूड देतात. पुढं गरजेप्रमाणे अ‍ॅट्रोपिन, कॅल्शियम, ग्लुकोजसोबत इन्सुलिन, कधी तात्पुरता पेसमेकर. डिगॉक्सिनवर खास उतारा आहे, पण तो सगळीकडे मिळत नाही.

बांधावरच्या बिट्टीच्या, म्हणजे पिवळ्या कण्हेरीच्या बियांतही डिगॉक्सिनच्याच जातीचं विष असतं. पोरं त्या बियांनी खेळतात. तोंडात गेली तर धावपळ हीच.

गंमत अशी, की आपल्याच रायगडात महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशानं हृदय बिघडलेल्यांना प्राझोसिन ही बीपीचीच गोळी देऊन वाचवलं. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

कुणी मुद्दाम गोळ्या घेतल्या असतील तर पोलिसांच्या भीतीनं डॉक्टरांपासून लपवू नका. नोंद होते, पण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, शिक्षा होत नाही. मन मोकळं करायला टेलिमानसचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालू असतो.