पंधरा फेऱ्यांचा पास

संध्याकाळच्या गाडीत टीसी समोर आला की भोपाळचा नेहमीचा प्रवासी एवढंच म्हणतो : ‘एमएसटी’. म्हणजे मासिक पास. दोन स्टेशनांची नावं, दर्जा, मुदत आणि ओळखपत्राचा क्रमांक, इतकाच मजकूर. विदिशा, गंजबासौदा, सीहोर, नर्मदापुरम इथून रोज हजारो माणसं या पासावर भोपाळच्या कचेऱ्यांत येतात, आणि भोपाळहून मंडीदीपच्या कारखान्यांत जातात. त्यांना इथे ‘अपडाउनर’ म्हणतात. आम्ही भोपाळची मराठी माणसंही तेच म्हणतो.

या पासाचा जन्म हौशीतून झाला. 1834 मध्ये इंग्लंडच्या कँटरबरी–व्हिटस्टेबल रेल्वेने समुद्रस्नानाला जाणाऱ्यांसाठी हंगामाचं एकत्रित तिकीट काढलं. जगातलं पहिलं सीझन तिकीट म्हणून त्याचंच नाव घेतात. नोकरदार त्यात नंतर आले. कामगारांसाठी तर वेगळा कायदाच करावा लागला : 1883 चा ‘चीप ट्रेन्स ॲक्ट’. संध्याकाळी सहा ते सकाळी आठ या वेळात कामावर जाणाऱ्या-येणाऱ्या मजुरांसाठी कंपन्यांनी स्वस्त गाड्या सोडाव्यात, असं त्याने ठरवलं. तिकिटाला घड्याळ जोडलं गेलं ते गरिबाच्या सोयीसाठी. आज त्याच देशात कामावर जायच्या गर्दीच्या वेळी तिकीट महाग आणि रिकाम्या वेळी स्वस्त, असा उलटा हिशेब आहे. ज्याला कामाची वेळ बदलता येत नाही, त्यालाच जास्त पैसे पडतात. मला हे सरळ अन्यायाचं वाटतं.

तो कायदा झाला त्याच सुमारास, 1884 मध्ये, इटारसीकडून रेल्वे भोपाळला पोहोचली. नवाब शाहजहाँ बेगम यांनी तिच्यासाठी संस्थानचा पैसा घातला होता. पुढच्या दहा-बारा वर्षांत बीनावरून झाशीकडचा आणि सीहोरवरून उज्जैनकडचा रेल्वेमार्गही खुला झाला. आजचे अपडाउनर येतात ते याच तीन दिशांनी.

आपल्याकडच्या पासाचं गणित सोपं आहे. महिन्याला साधारण पंधरा एकेरी फेऱ्यांचं भाडं भरायचं आणि 150 किलोमीटरच्या आत, ठरलेल्या दोन स्टेशनांमध्ये, हवं तितक्या वेळा जायचं-यायचं. महिन्यात पंचवीस दिवस कामाचे धरले तर पन्नास फेऱ्या होतात. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी पैशात. जून 2014 मध्ये हा हिशेब पंधराऐवजी तीस फेऱ्यांचा करायचं ठरलं, तेव्हा मुंबईत असा संताप उसळला की चारच दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला. मुंबईकरांच्या त्या ओरड्याचा फायदा विदिशाच्या कारकुनालाही झाला, हे इथे कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. नंतर 1 जानेवारी 2020 ला आणि 1 जुलै 2025 ला भाडी वाढली, तेव्हाही पास वगळला गेला.

पास महागला नाही, पण तो चालतो त्या गाड्या मोजक्या आहेत. आपल्याकडे बंधन वेळेचं नाही, गाडीच्या जातीचं आहे. शताब्दी, वंदे भारतमध्ये तो चालत नाही. आरक्षित डब्यात पाय ठेवला तर दंड. सुपरफास्टला वेगळा अधिभार; आणि सरासरी वेग ताशी 55 किलोमीटर ठरला की गाडी सुपरफास्ट होते. उरतात एक्सप्रेसचे दोन-चार जनरल डबे, मेमू आणि पॅसेंजर. त्या जनरल डब्यातही दूरच्या राज्यातून आलेली माणसं आधीच दाराशी बसलेली असतात. बीनाकडून येणारा प्रवासी पायरीवर एक पाय टेकवून, दांडी धरून, जेवणाचा डबा पोटाशी आवळून उभा राहतो.

कोरोनाकाळात तर पासच बंद झाला. पॅसेंजर ‘विशेष’ म्हणून धावू लागल्या आणि किमान भाडं दहाचं तीस रुपये झालं. ते पुन्हा दहावर यायला फेब्रुवारी 2024 उजाडला. त्या काळात थोड्या पगाराच्या माणसाचं पहिलं ओझं प्रवासखर्चाचं होतं.

म्हणून रेल्वेकडे मागणं एवढंच : पंधरा फेऱ्यांचा नियम राहू द्या, आणि सकाळी कचेरीच्या आधी व संध्याकाळी ती सुटल्यावर बीना, इटारसी आणि सीहोर या तिन्ही बाजूंना पास चालेल अशी एकेक जादा मेमू सोडा.