कांगारूंचं रान कोणाचं?

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात शिकार ही जमीनदारांची मिरास होती. गरिबानं रात्री जाळं लावून ससे धरले तर तो चोर ठरे आणि पुन्हापुन्हा सापडला तर काळ्या पाण्यावर जाई. अशांपैकी कित्येक जण ऑस्ट्रेलियात पोचले. तिथल्या कांगारूवर कोणा लॉर्डचा हक्क नव्हता. चपळ कुत्रा जवळ असला की झालं.

टास्मानियातलं होबार्ट १८०४ मध्ये वसलं. जहाजांतून येणारी रसद पुरेना, म्हणून सरकारच कांगारूचं मांस विकत घेऊ लागलं. ग्रेहाउंडसारखे कुत्रे घेऊन कैदी शिकारीला जात. काहींना रान इतकं मानवलं, की ते परतलेच नाहीत. त्यांचे पुढे दरोडेखोर झाले. मला तर वाटतं, या माणसांना पोटापुरतं स्वातंत्र्य कायद्यानं नव्हे, कुत्र्यानं दिलं.

पण हे रान रिकामं नव्हतं. तिथले मूळ रहिवासी गवत पेटवून कोवळा चारा उगवू देत आणि त्यावर येणारे कांगारू टिपत. त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं अन्न हेच. ३ मे १८०४ रोजी रिस्डन कोव्ह या वसाहतीजवळ त्यांचा मोठा समूह आला. सोबत बायकामुलं होती. म्हणजे लढाईला नव्हे, बहुधा कांगारूंच्या मागेच आला असावा. सैनिकांनी गोळ्या झाडल्या, तोफही डागली. किती माणसं मेली, यावर इतिहासकारांचा वाद अजून मिटलेला नाही.

पुढे मेंढ्यांवर गब्बर झालेल्या गोऱ्यांनी घोडे आणि कुत्र्यांचे ताफे पदरी ठेवून, विलायतेतल्या कोल्ह्याच्या शिकारीचा थाट इथे मांडला. जानेवारी १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन सिडनीपलीकडच्या डोंगरांत अशा शिकारीला गेला होता. घोड्यावरून बराच फिरला, पण कांगारू एकही दिसला नाही. विलायती ग्रेहाउंडांनी त्यांचा फडशा पाडल्याची नोंद त्यानं केली आहे.

मग गंमत पाहा. मेंढपाळांनी डिंगो हे रानकुत्रे मारले, मेंढ्यांसाठी पाणवठे केले, आणि कांगारू कित्येक भागांत पुन्हा वाढले. आता ते मेंढ्यांचं गवत खाणारी पीडा ठरले! क्वीन्सलँडनं १८७७ मध्ये त्यांच्या संहाराचा कायदाच केला. टाळूचं कातडं जमा करा आणि बक्षीस न्या. १९०८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राजचिन्हावर कांगारू विराजमान झाला, तेव्हाही ही बक्षिसं चालूच होती. ती १९३० पर्यंत दिली जात होती.