सामाजी हसाजी कुठे शोधायचे? : हिब्रू नावे, मराठी माणसे आणि ग्रंथालयाची तालिका

जालन्याच्या एमआयडीसीतील एखाद्या पोलाद कारखान्याच्या हजेरीपटावर याकूब आणि जेकब ही नावे एकाखाली एक लिहिलेली असली, तरी ती मुळात एकच आहेत हे हजेरी घेणाऱ्याच्या सहसा लक्षात येणार नाही. दोन्हींच्या मुळाशी हिब्रूतील 'याकोव' आहे. एक नाव अरबी-फारसीच्या वाटेने येऊन निजामाच्या राज्यात रुळले, तर दुसरे इंग्रजी बायबलाच्या वाटेने आले. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती वस्ती वसवली. सालारजंगांनी दिलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या त्या वस्तीचे 'बेथेल' हे नावही हिब्रूच : बेत-एल, म्हणजे देवाचे घर. हे शेषाद्री म्हणजे ज्यांनी १८४३ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ज्यांचा भाऊ श्रीपत याला परत हिंदू धर्मात घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष पत्करला, तेच.

हिब्रू नावे मराठी मुलखाला अशी अनेक वाटांनी भेटली. ग्रंथालयाच्या तालिकेत त्यांचे काय होते, हा प्रश्न वरवर पाहता कारकुनी वाटतो. परंतु ज्या समाजाची भाषा मराठी आणि नावे हिब्रू, त्या बेने इस्राएलांच्या बाबतीत तो थेट इतिहासाचा प्रश्न होतो.

बेने इस्राएलांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले. तेलाचे घाणे चालवणारा आणि शब्बाथ पाळणारा हा समाज कोकणात 'शनिवार तेली' म्हणून ओळखला गेला. गावांवरून केहीमकर, दिवेकर, राजपूरकर, पेणकर, तळकर, झिराड अशी आडनावे पडली. व्यक्तिनामे हिब्रू राहिली, पण ती कोकणी जिभेवर घडली. शमुएलचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी, बिन्यामीनचा बनाजी, अब्राहामचा आबाजी. ही रूपे भ्रष्ट नव्हेत. तानाजी-संताजींच्या शेजारी वावरणाऱ्या माणसांची ती खरीखुरी नावे होती. मुंबईतील पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारा, कंपनी सरकारच्या फौजेतील अधिकारी, आपल्या लोकांत सामाजी हसाजी दिवेकर होता. इंग्रजी ग्रंथांत त्याचा सॅम्युएल इझिकेल दिवेकर झाला.

एकोणिसाव्या शतकात या नावांना नवे वळण लागले. कोचीनच्या ज्यूंनी हिब्रू धर्मविधींची नव्याने ओळख करून दिली. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, आणि डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण सिद्ध केले. मराठी बायबल घरोघर पोहोचले, तसे शमुवेल, यहेज्केल, मोशे हे मूळ हिब्रूला जवळचे उच्चार कानांवर पडू लागले. पुढे इंग्रजी शिक्षण आणि सरकारी नोकरी आली, आणि दप्तरात सॅम्युएल, इझिकेल, मोझेस नोंदले जाऊ लागले. दोन-तीन पिढ्यांत आजोबा सामाजी आणि नातू सॅम्युएल अशी स्थिती आली. नाव तेच होते. लिपी, भाषा आणि नाव विचारणारा मात्र बदलला होता.

आता तालिकाकाराच्या मेजाशी येऊ. हिब्रू ग्रंथ रोमन लिपीत नोंदवण्यासाठी अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि तिच्या मागोमाग जगातील असंख्य ग्रंथालये एक ठरावीक तक्ता वापरतात. हिब्रू लेखनात स्वर सहसा लिहीत नाहीत, म्हणून तालिकाकाराने ते कोशाच्या आधारे भरायचे. 'हेत' या अक्षरासाठी रोमन एचखाली टिंब, 'कोफ'साठी केखाली टिंब, 'आलेफ'साठी शब्दाच्या मध्ये एक उलटा-सुलटा स्वल्पविराम. हा तक्ता म्हणजे केवळ हट्ट नव्हे. एकाच नावाची चाइम, हाइम, हायम अशी पाच-सात इंग्रजी स्पेलिंगे असतात. नियमच नसेल तर एका लेखकाचे ग्रंथ पाच ठिकाणी विखुरतील. ग्रंथालयात एका लेखकाचे काय काय आहे ते तालिकेने एकत्र दाखवावे, ही अपेक्षा चार्ल्स कटरने १८७६ मध्येच मांडली होती. ती पुरी करायची तर एकरूपता हवीच.

प्रश्न आहे तो एकरूपता कोणाशी राखायची हा. तक्त्याशी, की माणसाशी?

हाईम सॅम्युएल केहीमकर यांचे उदाहरण घेऊ. त्यांनी बेने इस्राएलांचा इतिहास १८९७ मध्ये इंग्रजीत लिहून पुरा केला. तो ग्रंथरूपाने १९३७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, तेल अवीवला निघाला. इंग्रजीत त्यांच्या नावाचे पहिले अक्षर साधे, टिंब नसलेले एच. हिब्रूच्या तक्त्याने त्याच एचखाली टिंब येईल आणि पुढचे स्वरही बदलतील. सॅम्युएलच्या जागी मध्ये खूण असलेला 'शेमुएल' येईल. आडनाव तर हिब्रू नव्हेच, म्हणून त्याला मराठीचा तक्ता लावावा, तर तो प्रत्येक व्यंजनातला अ लिहावयास सांगतो. केहीमकरचे मग रोमनमध्ये 'केहीमअकअरअ' असे काहीसे होईल. दोन्ही तक्ते आपापल्या जागी निर्दोष आहेत. त्यांच्या बेरजेतून मात्र असा माणूस तयार होतो जो किहीमला, मुंबईला किंवा तेल अवीवला कधी कोणालाच भेटला नव्हता.

दुसरे उदाहरण डॉ. जेरुशा झिराड यांचे. १८९० मध्ये जन्मलेल्या या विख्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचे नाव हिब्रूत 'येरुशा'. आडनाव अलिबागजवळच्या झिराड गावाचे, आणि त्यातला झ रोमनमध्ये कोणी जे-एच असा लिहितो, कोणी झेड-एच. हिब्रू नियमाने गेलो तर त्या वायखाली जातील, इंग्रजी वापराने जेखाली. पुण्यात १८७४ मध्ये छापलेली वल्हांडण सणाची हिब्रू-मराठी हग्गादा घ्या. तिच्यातल्या चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका साड्या नेसलेल्या आहेत. तिच्या संपादकांचे आडनाव तळकर. रोमनमध्ये ते 'टॉकर' या इंग्रजी शब्दासारखे लिहिले गेले, आणि अनोळखी वाचकाला त्यात तळे हे गाव दिसेनासे झाले.

नियम करणाऱ्यांना ही अडचण ठाऊक नव्हती असे नाही. १९७८ च्या अँग्लो-अमेरिकन तालिकीकरण नियमांच्या दुसऱ्या आवृत्तीत तक्त्याबरोबरच एक पर्याय ठेवला होता : इंग्रजी संदर्भग्रंथांत रुळलेले रूप असेल, तर तेच शीर्षक म्हणून घ्यावे. या पर्यायाने मेमोनिडीस वाचतो, राजपूरकर वाचत नाहीत. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) हे मुंबईच्या ससून शाळेचे मुख्याध्यापक. हिब्रू प्रार्थना मराठीत आणण्याचे प्रचंड काम त्यांनी केले. त्यांच्या पुस्तकांना दोन लिप्या आहेत, आणि लेखकाचे नाव कधी इझिकेलखाली तर कधी राजपूरकरखाली शोधावे लागते. इंग्रजी संदर्भग्रंथांत ज्याची वर्दळ कमी, त्याच्या वाट्याला तक्ता येतो. म्हणजे प्रसिद्धांना त्यांचे नाव आणि इतरांना नियमाने घडवलेले नाव, असा हा पंक्तिभेद आहे.

माझे म्हणणे इतकेच की शीर्षक म्हणून माणसाने स्वतः आपल्या पुस्तकावर छापलेले रूप घ्यावे, आणि बाकीची सारी रूपे, म्हणजे तक्त्याचे, बायबलाचे, कोकणी आणि देवनागरीतलेही, त्याच्या प्राधिकृत नोंदीत 'पाहा' म्हणून जोडावीत. कार्डांच्या कपाटात हे जागेअभावी अवघड होते. संगणकावर जागेची सबब उरलेली नाही. तक्ता राहू द्यावा, पण त्याचे काम शोधाला मदत करण्याचे आहे, बारसे करण्याचे नव्हे. 'वाचकाचा वेळ वाचवा' हे रंगनाथनांचे १९३१ मधले सूत्र इथे शब्दशः लागू पडते. फक्त तो वाचक कोण हे आधी ठरवावे लागेल. जेरुसलेमचा संशोधक हिब्रू रूप शोधील, लंडनचा इंग्रजी, आणि मराठवाड्यातील एम.ए.चा विद्यार्थी देवनागरीत 'राजपूरकर' असे लिहील. तिघांनाही एकाच शेल्फापाशी पोहोचता आले पाहिजे.

१९४८ नंतर बेने इस्राएलांपैकी बहुसंख्य इस्राएलला गेले. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा राज्यात उरलेली संख्या काही हजारांच्या घरातली होती. अशा समाजाचे मराठी वाङ्मय हिब्रूच्या दालनात जाते, कारण नावे हिब्रू. हिब्रूच्या दालनात ते वाचणारा नसतो, कारण भाषा मराठी. आपल्या वाङ्मयेतिहासांनी या ग्रंथांची फारशी दखल घेतली नाही, याची कारणे अनेक आहेत. त्यांतले एक अगदी साधे आहे : जे तालिकेत सापडत नाही, त्यावर कोणी प्रबंध लिहीत नाही. सामाजी हसाजीला दिवेकरांत शोधावे, सॅम्युएलांत की शेमुएलांत, याचे उत्तर तालिकेने वाचकावर सोडू नये. तिन्ही दारांवर एकच पाटी लावावी, आणि ती मराठीतही असावी.