शिकागोच्या रोखे बाजाराचे अवशेष

१८९३ साली स्वामी विवेकानंदांनी ज्या वास्तूत सर्वधर्मपरिषदेपुढे भाषण केले, ती शिकागोतील वास्तू आज 'आर्ट इन्स्टिट्यूट' या कलासंग्रहालयाची आहे. आपल्याकडचा प्रवासी तेथे जातो तो बहुधा त्या स्मृतीस वंदन करण्यास. त्याच संग्रहालयाच्या आवारात, मन्रो व कोलंबस या रस्त्यांच्या कोपऱ्यावर, भाजलेल्या मातीची एक प्रचंड नक्षीदार कमान एकटीच उभी आहे. तिच्यातून आत शिरावे तर पोचावयाचे कोठेच नाही!

डँकमार अ‍ॅडलर व लुई सलिव्हन या स्थपतींनी १८९४ साली पुऱ्या केलेल्या रोखे बाजाराच्या तेरा मजली इमारतीचे हे प्रवेशद्वार होय. १९०८ साली बाजार अन्यत्र गेला आणि सौदे होत त्या दालनाची रंगीत नक्षी पुढे नव्या रंगाच्या थरांखाली दडली. इमारत पाडण्याचे ठरले तेव्हा नागरिकांनी विरोध केला. परंतु नगरसभेने संरक्षण नाकारले. रिचर्ड निकेल हे छायाचित्रकार पाडकामातून नक्षीचे तुकडे वाचवीत असत. १३ एप्रिल १९७२ रोजी इमारतीचा भाग अंगावर कोसळून ते मृत्यू पावले. देह जवळजवळ चार आठवड्यांनी सापडला.

निकेल यांचे सहकारी जॉन व्हिन्सी यांच्या देखरेखीखाली १९७६-७७ साली संग्रहालयात ते सौद्यांचे दालन पुन्हा उभारण्यात आले. आमच्या मते कमानीपेक्षा या दालनाचे भाग्य थोर. स्तंभशीर्षे, रंगीत काचा, भिंतींवरील नक्षी ही येथे परस्परांच्या सान्निध्यात आहेत; त्यामुळे मूळ जागेची उंची व प्रकाश यांची कल्पना येते.

गोमंतकीयांस येथे १५६० सालची आठवण व्हावी. श्रीमंगेशाचे लिंग कुशस्थळीहून प्रियोळास नेले, तेव्हा देऊळ मागे राहिले व देव पुढे गेला. पूजा खंडली नाही. शिकागोस उलट घडले: भिंती आल्या, बाजार आला नाही. जीर्णोद्धाराच्या वेळी सभामंडपाचे कोरीव लाकडी खांब काढणाऱ्या आपल्या मंडळींनी मात्र निकेल यांची एक रीत अवश्य उचलावी. वस्तू जागेवर आहे तोवरच तिचे छायाचित्र घ्यावे. खांब सुटा झाला की तो कोणत्या तुळईखाली होता हे दोन वर्षांत कोणास सांगता येत नाही, आणि पुढे तो शोभेची वस्तू म्हणून विकला जातो.

रोखे बाजाराचेही सर्व भाग एकत्र राहिले नाहीतच. त्याचे जिने आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत.