कात अडकून अळी मरेपर्यंतचे 108 तास

ऑक्टोबरातला कुठलाही आठवडा आणि नेरूळमधली कुठलीही गॅलरी धरा. कुंडीतल्या अळूवर स्पोडोप्टेरा या पतंगाची अळी आहे. तास तिच्या वयाप्रमाणे मागेपुढे होतील, क्रम मात्र हाच.

शनिवार, सकाळी 6. उरले 108 तास.
पावसाळ्याच्या तोंडाशी फुटपाथवर पडलेल्या निंबोळ्या वेचून सावलीत वाळवल्या होत्या. त्यांची 50 ग्रॅम भरड लिटरभर पाण्यात भिजते.

संध्याकाळी 6. उरले 96.
गाळलेल्या अर्कात थोडा साबण घालून पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारा. वेळ संध्याकाळचीच हवी, कारण त्यातलं किडीवर काम करणारं द्रव्य, अझाडिरॅक्टिन, उन्हात टिकत नाही.

रात्री 10. उरले 92.
अळी पान कुरतडते. अझाडिरॅक्टिन पोटात जातं.

रविवार, सकाळी 7. उरले 83.
अळी जिवंत, चालतेय! "कडुनिंबाचा काही उपयोग नाही" म्हणत लोक जहाल कीटकनाशक आणतात ते याच घटकेला. तळमळून सांगतो, आज थांबा. हे तडकाफडकी मारणारं विष नव्हे. अळीच्या वाढीचं वेळापत्रक मोडणारा हा रेणू आहे. 1968 मध्ये इंग्लंडच्या कील विद्यापीठात बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी तो निंबोळीतून वेगळा केला. इतका गुंतागुंतीचा, की प्रयोगशाळेत घडवायला 2007 उजाडलं.

सोमवार, संध्याकाळी 6. उरले 48.
खाणं मंदावलंय. एव्हाना मेंदूकडून इशारा सुटून छातीतल्या ग्रंथीतून एकडायसोन पाझरायला हवं होतं. कात टाकायचा हुकूम त्याचा. इशाराच अडलाय.

कीटकाची वाढ अडवायची झाडांना दुसरी वाटही ठाऊक आहे. प्रागहून हार्वर्डला नेलेले ढेकूण, आपल्या भेंडीवरच्या लाल ढेकण्यांचे नातलग, प्रौढच होईनात. पिल्लंच राहून मोठी होत गेली. 1965 मध्ये स्लामा आणि विल्यम्स यांनी कारण जाहीर केलं: भांड्यात घातलेला कागद. तो बाल्सम फर झाडाच्या लगद्याचा होता, आणि त्या झाडात कीटकाला बाल्यावस्थेत रोखणाऱ्या संप्रेरकासारखंच द्रव्य असतं.

बुधवार, सकाळी 6. उरले 12.
जुनी कात सुटू लागलीय, पण डोक्यामागे पुरती उलत नाही. नवं डोकं जुन्या टोपीत अडकलंय. तोंड उघडत नाही.

संध्याकाळी 6. शून्य.
अळी काळी पडून मेली. जिच्या पोटात कमी गेलं ती कोषापर्यंत पोहोचेलही. मग त्यातून पंख वाकडे असलेला पतंग निघतो, किंवा अंडी कमी घालणारा. नव्या पानांसाठी आठवड्याने दुसरी फवारणी लागतेच.