आजीचे गुडघे आणि हळदीचा हिशोब

परवा आईचा फोन आला. "अरे, ती दुखण्याची गोळी सोडून नुसता गुग्गुळ सुरू करू का?" मी हो म्हटलं नाही, आणि नाहीही म्हटलं नाही. हा प्रश्न आमच्या घरात जुना आहे.

आम्ही मूळचे पनवेलचे, त्यामुळे आयुर्वेदाचं कौतुक रक्तातच. कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ साली 'श्री धूतपापेश्वर' सुरू केलं ते आमच्याच गावात. राजापूरजवळच्या शंकराचं नाव आणि औषधं पनवेलची! वैद्यांनी आपल्या खलात घोटून द्यायची औषधं लेबल लावून बाटलीत मिळू लागली, ही त्या काळात केवढी मोठी गोष्ट असेल. योगराज गुग्गुळ, महारास्नादि काढा ही नावं मला पाढ्यांच्या आधी पाठ झाली. कारण अर्थात आजीचे गुडघे.

आजीला आधी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. उतार पडला म्हणून तिने त्या मनानेच वर्षभर चालू ठेवल्या, त्याही रिकाम्या पोटी चहाबरोबर. शेवटी अल्सर होऊन रक्त गेलं. या गोळ्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. सांध्यातली सूज त्याच्यामुळे वाढते खरी, पण जठराचं अस्तरही तेच सांभाळतं. म्हणजे गुडघ्याला आराम आणि पोटाला भुर्दंड.

मग आजी झाडपाल्याकडे वळली. दारावर येणाऱ्या एकाकडून बिनलेबलाच्या पुड्या घेऊ लागली. आठवड्याभरात बाई जिना चढायला लागल्या! घरात आनंदीआनंद. दोन-तीन महिन्यांनी चेहरा गोल सुजला, साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, पुडीत स्टिरॉइड असणार. (मावशी, तू हे वाचत असशील तर तुला तो पुडीवाला आठवत असेल. सायकलवरून यायचा.)

'गोळी वाईट, पाला चांगला' यावरचा माझा विश्वास तेव्हाच उडाला. पण पाल्यात काहीच नाही असंही नाही. १९८० साली चंडीगडला डॉ. देवधर आणि सहकाऱ्यांनी आमवाताच्या १८ रुग्णांना हळदीतलं कर्क्युमिन देऊन पाहिलं. रोज १२०० मिलिग्रॅम, आणि तुलनेला त्या काळची फेनिलब्युटाझोन ही गोळी. दोन्हींनी सकाळचा ताठरपणा आणि सूज कमी झाली. अवघे दोन आठवडे आणि १८ माणसं, म्हणजे प्रयोग लहानच. आता हिशोब करा. हळदीत कर्क्युमिन असतं साधारण तीन टक्के. म्हणजे १२०० मिलिग्रॅमसाठी रोज ४० ग्रॅम हळद! आजीच्या हळदीच्या दुधात अर्धा चमचा असायची, आणि कर्क्युमिन मुळात आतड्यातून फारसं शोषलंही जात नाही. दूध मात्र गोड लागायचं.

मग १९९१ मध्ये पुण्याच्या संशोधकांनी अश्वगंधा, सालई गुग्गुळ, हळद आणि जस्त यांच्या मिश्रणाची चाचणी संधिवाताच्या ४२ रुग्णांवर केली. वेदना कमी झाल्या, पण एक्स-रेत काही फरक दिसला नाही. मला ही दुसरी गोष्ट जास्त आवडते, कारण ती लपवली नाही.

पुण्याच्याच डॉ. अरविंद चोप्रांची चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. गुडघ्याच्या संधिवाताचे ४४० रुग्ण, २४ आठवडे. सुंठ, गुळवेल, आवळा, सालई गुग्गुळ अशी औषधं एका बाजूला. ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब दुसऱ्या बाजूला. वेदना नि हालचाल यांत आयुर्वेदिक औषधं त्यांच्या तोडीस तोड ठरली. पण ती घेणाऱ्या १२ जणांचं एसजीपीटी वाढलं, म्हणजे यकृताची तक्रार. त्रास कुणाला जाणवला नव्हता आणि औषध थांबवल्यावर ते पूर्ववत झालं. पण रक्त तपासलं नसतं तर कळलंही नसतं. पनवेलच्या खलापासून इथवर यायला जवळपास दीडशे वर्षं लागली.

आई रक्त पातळ ठेवायची गोळीही घेते, हे मला मध्येच आठवलं. तिला पुन्हा फोन केला. म्हटलं, गुग्गुळाची डबी आणि सगळ्या गोळ्या एकाच पिशवीत घालून डॉक्टरांना दाखव, तोवर काही सोडू नकोस आणि काही सुरूही करू नकोस. "बरं," म्हणाली, "पण हळदीचं दूध चालेल ना?"

चालेल म्हटलं.