फसवणूक की गूढ? : पीकवर्तुळांचा वाद आणि मुंबईतील दोन 'चमत्कार' (१९९५ व २००६)

प्रस्तावना

महाराष्ट्रातील अनेक लेण्यांना 'पांडवलेणी' म्हणण्याची आणि ती पांडवांनी एका रात्रीत कोरली असे सांगण्याची परंपरा जुनी आहे. दहिसरनजीकच्या मंडपेश्वरसारखी लेणी पाहताना छिन्नीचे घाव स्पष्ट दिसतात. तरीही मानवी श्रमाचे श्रेय अलौकिकाला देण्याची प्रवृत्ती समाजमनात टिकून राहते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील शेतांत उमटलेल्या पीकवर्तुळांच्या (क्रॉप सर्कल) बाबतीत हीच प्रवृत्ती आधुनिक वेशात प्रकट झाली. या वादाच्या पार्श्वभूमीवर मुंबईने अनुभवलेल्या दोन घटनांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्दिष्टे

१. 'फसवणूक की गूढ' या द्वंद्वाची मर्यादा तपासणे.
२. १९९५ व २००६ मधील घटनांत निरीक्षण आणि निष्कर्ष यांतील भेद स्पष्ट करणे.
३. या भेदाचे कायदा व शिक्षण यांच्या दृष्टीने महत्त्व मांडणे.

पीकवर्तुळे : कर्ता सापडलेले गूढ

१९८० च्या दशकात दक्षिण इंग्लंडमध्ये, विशेषतः विल्टशायर व हॅम्पशायर परगण्यांत, उभ्या पिकात रात्रीतून सुबक वर्तुळे उमटू लागली. हवामानतज्ज्ञ टेरेन्स मीडन यांनी वावटळीसारख्या भोवऱ्यांचे स्पष्टीकरण दिले. पॅट डेलगाडो व कॉलिन अँड्र्यूज यांना त्यात अज्ञात शक्तीचा हात दिसला. सप्टेंबर १९९१ मध्ये डग बोवर व डेव्ह चोर्ली या साउथँप्टनच्या दोन वयस्क मित्रांनी फळी व दोरी या साध्या साधनांनी १९७० च्या दशकापासून आपण ही वर्तुळे काढत आल्याचे जाहीर केले. त्यांनी पत्रकारांसमोर काढलेले वर्तुळ डेलगाडो यांनी आधी अस्सल ठरविले होते. तथापि वाद संपला नाही. 'काही वर्तुळे मानवनिर्मित असतील. परंतु सर्वच कशी?' असा युक्तिवाद पुढे आला. येथे कर्ता होता, हेतू होता आणि प्रात्यक्षिकही होते; तरी श्रद्धा उरली, ही बाब लक्षणीय होय.

२१ सप्टेंबर १९९५ : दुग्धप्राशन

या दिवशी पहाटे दिल्लीतील एका मंदिरात गणेशमूर्ती दूध पिते, अशी वार्ता पसरली. दूरध्वनी व दूरचित्रवाणीमुळे ती काही तासांत मुंबईसह देशभर आणि परदेशांतील हिंदू मंदिरांपर्यंत पोहोचली. मंदिरांपुढे रांगा लागल्या. दुधाची मागणी एकाएकी वाढली.

चमच्यातील दूध कमी होताना लोकांनी पाहिले, हे निरीक्षण खोटे नव्हते. मूर्तीच्या पृष्ठभागाला दूध टेकताच पृष्ठताणामुळे ते ओढले जाते आणि पातळ थराच्या रूपाने खाली ओघळते. पांढऱ्या संगमरवरावर तो ओघळ दिसत नाही. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळताच तो दिसू लागला. काही राजकीय नेत्यांनी त्यावेळी या घटनेमागे नियोजित कट असल्याचा आरोप केला. परंतु जे घडण्यास कर्त्याची गरजच नव्हती, त्यामागे कर्ता शोधणे हीदेखील एक प्रकारची अंधश्रद्धाच म्हणावी लागेल.

१८ ऑगस्ट २००६ : माहीमचे 'गोड' पाणी

माहीमच्या किनाऱ्यावरील समुद्राचे पाणी गोड झाल्याची बातमी या शुक्रवारी सायंकाळी पसरली. मखदूम अली माहिमी यांच्या दर्ग्याशी अनेकांनी तिचा संबंध जोडला. विविध धर्मांचे स्त्री-पुरुष पाण्यात उतरले, प्याले, बाटल्या भरून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा खारट लागू लागले.

या घटनेत एक भाषिक बाब दुर्लक्षित राहते. मराठीत 'गोडे पाणी' म्हणजे साखरेसारखे पाणी नव्हे, तर खारे नसलेले पाणी. विहिरीचे पाणी गोडे लागले, यात कोणी चमत्कार पाहत नाही. पावसाळ्यात गोडे पाणी समुद्रात येते आणि त्याची घनता कमी असल्याने ते काही काळ खाऱ्या पाण्यावर तरंगते. किनाऱ्यालगतच्या खडकांत साचलेले पावसाचे पाणी भेगांवाटे समुद्रात आले असावे, असे स्पष्टीकरण पवई येथील आयआयटीच्या भूशास्त्रज्ञांनी दिले. म्हणजेच 'पाणी कमी खारट आहे' हे निरीक्षण ग्राह्य. 'ते पवित्र व पिण्यायोग्य आहे' हा निष्कर्ष मात्र निराधार होता.

या चुकीची किंमत आरोग्याशी निगडित होती. सांडपाणी व कारखान्यांचे दूषित पाणी वाहून आणणारी मिठी नदी याच ठिकाणी समुद्रास मिळते. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिसच्या साथीने शहर हादरले होते. त्यास जेमतेम वर्ष उलटले असताना मातांनी ते पाणी मुलांना पाजले. पाणी पिऊ नये, असे प्रशासनाने बजावूनही गर्दी हटली नाही.

चर्चा

उपरोक्त तीन घटनांची तुलना करता एक मूलभूत फरक जाणवतो. पीकवर्तुळांत फसविणारा होता. १९९५ व २००६ मध्ये फसविणारा कोणीच नव्हता. साक्षीदार प्रामाणिक होते आणि नैसर्गिक घटना खरी होती. म्हणून 'फसवणूक की गूढ' असा प्रश्न विचारणारा दोन्ही उत्तरांत चुकतो. भाविकांस लबाड वा मूर्ख ठरविल्याने संवाद तुटतो आणि श्रद्धा अधिक कडवी होते.

हा फरक कायद्याच्या संदर्भातही महत्त्वाचा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. तथाकथित चमत्कार करून धन मिळविणे व लोकांची फसवणूक करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. हे पाऊल निःसंशय आवश्यक होते. परंतु कायद्यास आरोपी लागतो. माहीमच्या किनाऱ्यावर आरोपी कोण? पृष्ठताणावर वा घनतेवर खटला भरता येत नाही.

निष्कर्ष

जेथे कर्ता आहे तेथे कायदा समर्थ ठरू शकतो. जेथे तो नाही तेथे केवळ शिक्षण उरते. ती जबाबदारी विज्ञान शाखेपुरती मर्यादित नाही. 'साक्षीदाराने काय पाहिले आणि काय मानले' हा भेद करणे हे इतिहासाच्या अभ्यासपद्धतीचे पहिले सूत्र होय. बखरीतील मजकूर तपासताना आपण विद्यार्थ्यांना ते शिकवितो. तेच सूत्र कालच्या बातमीस लावण्याची सवय त्यांना वर्गातच लागली पाहिजे. रंगीत दुधाचा एक चमचा जे सिद्ध करतो, ते उपहासाची शंभर भाषणे करू शकत नाहीत.